भुऱ्याला घरी काय दिलं होतं

शुक्रवारी आमच्या गल्लीत लग्न होतं. मांडवामागे उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला होता आणि आमचा भुऱ्या दुपारभर तिथेच होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. शनिवारी सकाळी तो उंबऱ्यात ओकला. मग तीन-चार वेळा पातळ जुलाब झाले. लग्नातली भाजी तिखट होती, वर तेल तरंगणारी. ती त्याला सोसली नसणार.

भुऱ्या साधा गावठी कुत्रा. राखाडी अंग, एक कान कायम पडलेला. माझे पप्पा गंगापूर रोडच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. तीन वर्षांपूर्वी तिथल्या पार्किंगमध्ये कुणीतरी खोक्यात पिल्लू ठेवून गेलं. सोसायटीवाल्यांनी पप्पांना सांगितलं, कुठेतरी सोडून या. पप्पांनी ते आणून आमच्या घरात सोडलं. पहिल्या दिवशी आईने त्यावरून भांडण केलं. दुसऱ्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी त्याची झाली.

आई एका मेसमध्ये पोळ्या करायला जाते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा हात आहे.

कांदा

आईचं माहेर चांदवडजवळचं. तिचं लहानपण कांद्याच्या शेतात आणि कांदा साठवायच्या चाळीत गेलं. तिच्याकडे कांद्याशिवाय दुसरं औषध नव्हतं म्हटलं तरी चालेल. चक्कर आली की कांदा फोडून नाकाशी धरायचा. ऊन लागलं की तळपायाला चोळायचा. उलटी-जुलाबाला किसून रस काढायचा आणि ताकातून पाजायचा. माझा मामा लहानपणी असाच जुलाबांनी निपचित पडला होता, तालुक्याला न्यायला गाडी नव्हती, तेव्हा आजीने चमच्या-चमच्याने कांद्याचा रस पाजून त्याला जगवलं. त्यामुळे आईसाठी हा उपाय ऐकीव नव्हता. त्याने वाचलेला माणूस आजही आमच्याकडे येऊन चहा पिऊन जातो.

"ऊन लागलंय त्याला," आई म्हणाली. "प्रज्ञा, एक कांदा किस. बारीक किस."

"कुत्र्याला चालतो का पण?"

"त्याचं पोट काय येगळं असतं का? आपल्याला चालतं ते त्याला चालतं."

पप्पा ड्युटीवरून येऊन जेवायला बसले होते. "ऐक, ऐक. डॉक्टरीणबाई बोलल्या."

"तुम्ही गपा. तुमची कावीळ कोणी बरी केली व्हती?"

"सिव्हिल हॉस्पिटलने."

"हॉस्पिटलने नाय, म्या. हॉस्पिटलने नुसत्या सुया टोचल्या."

मी कांदा किसला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळा दोष आईकडे जाईल. किसणी माझ्या हातात होती. मोबाईलही शेजारीच होता. अभ्यासासाठी मी त्यावर दिवसात पन्नास गोष्टी शोधते, ही एक शोधली नाही. आईचं औषध कशाला तपासायचं, एवढाच विचार असेल. खरं तर विचारच केला नाही.

फडक्यातून पिळलेला रस ताकात कालवला आणि सुई नसलेल्या सिरिंजने त्याच्या गालात सोडला. पप्पांनी मान धरली, आईने जबडा. भुऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि गिळलं.

गुण आला

रविवारी संध्याकाळी जुलाब थांबले. आईने ते गल्लीभर सांगितलं. पलीकडच्या मावशींना, दूधवाल्याला, मेसच्या मालकिणीला फोनवर. दिवसातून तीनदा, एक-एक कांदा. सोमवारीही तसंच चालू ठेवलं.

"आता कशाला? बरा झाला ना," मी विचारलं.

"मुळापासून जाऊ दे. अर्धवट औषध लय वाईट."

हे तिनं मला अँटिबायोटिकच्या गोळ्यांबद्दलही सांगितलेलं आहे आणि तिथे ते बरोबरच असतं.

सोमवारी संध्याकाळी पप्पांची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली तेव्हा भुऱ्या उठला नाही. आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे. मंगळवारी सकाळी त्याने अंगणात लघवी केली. ती कोऱ्या चहासारखी होती, त्याहून लाल. आईने त्याचा ओठ वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"प्रज्ञा, इकडं ये. याच्या तोंडातलं रगत कुठं गेलं?"

हिरड्या पांढऱ्या होत्या. पांढरट नाही, पांढऱ्या.

"मग तुला समजेल"

प्राण्यांच्या दवाखान्यात मी कधी गेले नव्हते. रिक्षात भुऱ्या आईच्या मांडीवर होता आणि आईने त्याच्यावर तिची मेसला जायची ओढणी टाकली होती. दवाखान्यात एसी होता. बाकावर बसलेल्यांच्या कुत्र्यांना पट्टे होते, आमच्याला सुतळी. माझं लक्ष त्या सुतळीकडेच जात होतं. आजारी कुत्रा मांडीवर असताना मला सुतळीची लाज वाटत होती, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

आमच्या आधी एक काका म्हैस व्याल्यावरच्या औषधाचं विचारत होते. त्यांनी तिला घरीच काहीतरी पाजलं होतं. ते गेल्यावर काउंटरवरचा कंपाउंडर दुसऱ्याला हसत म्हणाला, "आधी गावठी प्रयोग करायचे, मग आमच्याकडे आणायचं. जनावरं यांच्यापेक्षा शहाणी."

तो आमच्याबद्दल बोलत नव्हता. तरी माझे कान तापले.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. हळू बोलणारे. त्यांनी भुऱ्याचं पोट चाचपलं, डोळ्याची पापणी ओढली, कानात बोट घालून दोन गोचिड्या काढल्या आणि ट्रेमध्ये टाकल्या.

"काय शिकतेस तू?"

"बी.एस्सी., सर. सेकंड इयर."

"अरे वा. मग तुला समजेल. याचं रक्त खूप कमी झालंय. गोचिडीचा ताप असू शकतो, रक्त तपासायला पाठवतो. आता मला नीट सांग. घरी काही दिलं का? माणसाची गोळी, काढा, कांदा-लसूण, काहीही?"

कांदा हा शब्द त्यांनी असाच, बाकीच्या शब्दांच्या ओळीत उच्चारला. आई बाहेर कंपाउंडरकडे नाव नोंदवत होती. केबिनमध्ये मी एकटी होते.

त्या क्षणी मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण इतकं नक्की कळलं की कांदा हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, म्हणजे त्यात काहीतरी आहे. आणि त्यांनी नुकतंच 'मग तुला समजेल' म्हटलं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "फक्त दहीभात."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. दहीभात. मी ते अक्षर उलटं वाचलं.

मंगळवार संध्याकाळ

सलाईन आणि इंजेक्शनं देऊन त्याला घरी पाठवलं. सकाळी परत आणायचं होतं. रिक्षात मी मोबाईल काढला आणि शोधलं. दोन ओळींत सगळं होतं. कांदा कुत्र्याला विषासारखा असतो. कच्चा, शिजवलेला, रस, कसाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत जातात. मी मोबाईल बंद करून पर्समध्ये ठेवला.

आई विचारत होती, "डॉक्टर काय म्हणले?"

"गोचिडीचा ताप म्हणाले. काही खायला-प्यायला द्यायचं नाही म्हणाले."

एवढंच मी बोलले. कांदा देऊ नको असं म्हटलं असतं तर तिने 'का' विचारलं असतं, आणि मग भुऱ्याकडे पाहिलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. वाटलं, खायला-प्यायला नाही म्हटलं म्हणजे झालं.

मी गोळ्या आणायला मेडिकलवर गेले. पहिल्या दुकानात नव्हत्या, दुसऱ्यात मिळाल्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल. परत आले, भुऱ्याच्या शेजारी बसले, गोळी भरवायला त्याचं तोंड उघडलं. कांद्याचा वास आला. ताजा.

"आई, मी सांगितलं होतं ना काही द्यायचं नाही."

"खायला नाय दिलं गं काही. औषध दिलं फक्त. औषध म्हंजे काय खाणं असतं का?"

मला तिच्यावर ओरडता आलं नाही. ओरडायला मला जे सांगावं लागलं असतं, तेच मी दिवसभर गिळत होते. मी उरलेला रस मोरीत ओतला आणि म्हटलं, आता हेही नको, डॉक्टर रागावतील. आईने मान हलवली. डॉक्टर रागावतील म्हटल्यावर तिला लगेच पटलं.

बाकावर

बुधवारी आईने मेसवर सुट्टी सांगितली. सकाळी भुऱ्याला सलाईन लावून आतल्या पिंजऱ्यात ठेवलं. त्याचा श्वास पळत्या माणसासारखा जोरात होता आणि तो पडलेलाच होता. तोच कंपाउंडर, काल हसलेला, आईला म्हणाला, "काकू, फरशीवर बसणार असाल तर पिंजऱ्याजवळ बसा, मी झाडू मारणाऱ्यांना सांगतो." त्याचंही मला लिहायचं आहे. तो वाईट माणूस नव्हता.

मधे आई बाहेर पाणी प्यायला आली. बाकावर माझ्याशेजारी एक बाई होती, हिरवी साडी, मांडीवर दोनेक महिन्यांचं पिल्लू. पिल्लाला जुलाब होत होते. आई तिच्यापाशी खाली बसली.

"ताई, कांद्याचा रस द्या त्याला. ताकात. आमच्याला दोन दिवसात थांबले जुलाब. हा दुसराच आजार निघाला त्याला, नायतर बराच झाला व्हता तो."

"खरंच? किती द्यायचा?"

"एवढुशा जिवाला अर्धा कांदा बास."

आई हे मायेने सांगत होती. स्वतःचा कुत्रा आत पडलेला असताना दुसऱ्याच्या पिल्लाची काळजी करत होती. ती आत गेली. मी उठले आणि डॉक्टरांच्या केबिनचं दार न वाजवता उघडलं.

त्यांच्या हातात भुऱ्याचा रिपोर्ट होता. "गोचिडीचं काही निघालं नाही यात," ते म्हणाले. "तेच बघतोय मी."

"सर, कांदा दिला होता."

"काय?"

"कांद्याचा रस. दिवसातून तीनदा. शनिवारपासून."

"कधीपर्यंत?"

"काल संध्याकाळपर्यंत."

"काल? इथून गेल्यावर?"

"हो."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी कालचा दिवस गोचिडीवर घालवला," ते म्हणाले. एवढंच. मग उठले. "रक्त द्यावं लागेल. आजच्या आज."

"सर, आईला सांगू नका."

"ते तुझं तू बघ. मला कुत्रं बघू दे."

हिरव्या साडीची बाई तपासून निघाली तेव्हा मी तिच्या मागे रस्त्यापर्यंत धावत गेले. म्हटलं, "ताई, मघाशी आई म्हणाली ते करू नका. कांदा देऊ नका. आमचा त्यानेच असा झालाय." ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग पिल्लाला पदरात घेतलं. हे मला अनोळखी बाईला सांगता आलं. रस्त्यावर, उन्हात, एका दमात.

मेजर

कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त लागतं. डॉक्टरांनी फोन केले आणि दुपारी देवळाली कॅम्पहून एक रिटायर्ड सुभेदार त्यांचा लॅब्रेडॉर घेऊन आले. पिवळा, भला मोठा, गळ्यात जाड पट्टा. रिक्षातून उतरताना कुत्रा आधी उतरला, मग ते.

"याचं नाव मेजर," ते आईला म्हणाले. "मी सुभेदार म्हणून रिटायर झालो, त्यामुळे घरात सॅल्यूट मलाच मारावा लागतो."

आई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "रक्त देताना दुखंल का हो त्याला?"

"अजिबात नाही ताई. देईल आणि मग महिनाभर भाव खाईल. याने आधी पण दिलंय."

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"चहा पाजा. कडक. साखर कमी, मिसेसने बंद केलीय."

आई रस्ता ओलांडून टपरीवर गेली आणि दोन हातांनी ग्लास धरून परत आली. मेजर टेबलावर शांत पडून राहिला. सुभेदारांनी त्याचं डोकं धरलं होतं आणि त्याच्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी असं काहीतरी पुटपुटत होते. मला त्या माणसाच्या पायाशी बसून सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

रक्त हळूहळू चढत गेलं. संध्याकाळी भुऱ्याच्या हिरड्यांवर अगदी फिकट गुलाबी रंग आला. पप्पा ड्युटीवरून वॉचमनच्या कपड्यातच आले. त्यांनी पिंजऱ्याच्या जाळीतून बोट आत घातलं. भुऱ्याचं शेपूट फरशीवर दोनदा आपटलं. पप्पा तोंड फिरवून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "अजून पेशी फुटतायत. मिळालेलं रक्त किती टिकतं ते बघायचं." मी त्यांना बाजूला विचारलं, काल कळलं असतं तर फरक पडला असता का. ते म्हणाले, "एक दिवस मिळाला असता. वाचला असता का ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं.

गुरुवार

सकाळी फोन आला. पहाटे गेला. आम्ही कोणीच जवळ नव्हतो.

मखमलाबादकडे पप्पांच्या ओळखीच्यांचा मळा आहे, त्यांनी बांधाजवळ जागा दिली. जमीन कडक होती. पप्पांनी आणि मी आळीपाळीने टिकाव चालवला. आईने त्याला तिच्या ओढणीत गुंडाळलं आणि नंतर ओढणी काढून घेतली नाही. घरी आम्ही बसने आलो. वाटेत पप्पा म्हणाले, "गोचिडी एवढी वाईट असते, माहीत नव्हतं." मी खिडकीबाहेर पाहिलं.

रविवारी

तीन दिवस आई नेहमीसारखी कामाला जात होती. रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती, पप्पा ड्युटीवर होते. मान वर न करता तिने विचारलं,

"त्या दिवशी त्या पिल्लावाल्या बाईच्या मागं पळत गेली व्हतीस. मला आतून काचेतून दिसलं. काय सांगितलं तिला?"

मी सांगितलं. कांदा काय करतो तेही सांगितलं, माझ्याने जितकं सोपं सांगता आलं तितकं. आईचे हात थांबले. मग परत चालू झाले. बरीच पानं तिने देठांसकट टाकली.

"म्हंजे म्या मारलं त्याला."

"तुला माहीत नव्हतं, आई."

"नव्हतं," ती म्हणाली. पुढची जुडी ओढत विचारलं, "डॉक्टरांनी इचारलं नव्हतं का, काय दिलं म्हणून?"

"विचारलं होतं."

"कधी?"

"मंगळवारी. पहिल्यांदा गेलो तेव्हा."

"आन् तू कधी सांगितलं?"

"बुधवारी."

तिने मनात दिवस मोजले. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मंगळवारी सांजच्याला म्या परत पाजला त्याला," आई म्हणाली. "तव्हा तुला माहीत व्हतं."

"हो."

"का नाय बोललीस?"

मी खूप कारणं देऊ शकले असते. तुला वाईट वाटेल म्हणून, हे त्यातलं सगळ्यात चांगलं होतं आणि अर्धं खरंही होतं. पण पहिल्यांदा मी बोलले नाही ते डॉक्टरांसमोर अडाणी दिसू नये म्हणून. मी तेच सांगितलं. "मला लाज वाटली."

"माझी?"

तिने मेथी उचलली आणि आत गेली.

हे सगळं मी लिहिलं ते एवढ्यासाठी. तुमच्या घरच्या जनावराचं पोट बिघडलं तर घरातलं औषध देण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि दिलंच असेल तर डॉक्टरांना पहिल्या प्रश्नाला सांगा. तुम्ही कोण दिसाल, समोरचा काय म्हणेल, आईला काय वाटेल, हे सगळं नंतर बघता येतं. जे जनावर ते प्यायलंय, त्याला 'नंतर' नसतं.

आईने मला कधी टोमणा मारला नाही. पप्पांनाही तिने काही सांगितलं नाही. शेवटी मीच सांगितलं. घर चालू आहे. आतापर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद आई माझ्या हातात द्यायची आणि 'वाच, काय म्हणतंय' म्हणायची. गेल्या आठवड्यात तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. कोणती गोळी कधी घ्यायची हे विचारायला ती पलीकडच्या मावशींकडे गेली. मी घरातच होते, तिच्या समोर, पुस्तक उघडून बसलेली.